आधी गाणं, मग ट्यूनिंग: स्लॅक कीमधली माझी आवडती गाणी

प्रश्न असा होता की "मी चार-पाच वर्षं फिंगरस्टाईल (पिक न वापरता बोटांनी) गिटार वाजवतोय, हवाईयन स्लॅक की ऐकून वेड लागलंय, तर तुमची आवडती पारंपरिक गाणी कोणती, त्यातल्या कुणाच्या अरेंजमेंट्स शिकायच्या आणि सुरुवात कुठून करायची?" एका ओळीत उत्तर द्यायला गेलो तर अन्याय होईल, म्हणून जरा निवांत लिहितो. गेली बावीस वर्षं मी हे वाजवतोय, त्यातली बरीचशी कॅलिफोर्नियात, जिथे हवाईहून आलेली खूप कुटुंबं राहतात आणि त्यांच्या अंगणात बसून वाजवायला मिळालं हे माझं भाग्य.

आधी एक घोळ दूर करू, कारण आपल्याकडे "हवाईयन गिटार" म्हटलं की लोकांना व्हॅन शिपली नाहीतर सुनील गांगुली यांच्या सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स आठवतात. ती स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी बार सरकवायचा, मींड काढायची. तीही हवाईचीच देणगी, पण स्लॅक की वेगळी. इथे गिटार नेहमीसारखीच धरायची, बोटं फ्रेटवरच (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), फक्त काही तारा सैल करून ट्यूनिंग बदलायचं. हवाईयन भाषेत कि होआलु, म्हणजे सैल केलेली खुंटी.

गोष्ट अशी सांगतात की कॅप्टन व्हँकुव्हरने १७९३ मधे राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, राजाने ती मारायला बंदी घातली, मग ती इतकी वाढली की शेतं तुडवायला लागली, आणि शेवटी १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाने कॅलिफोर्नियातून (तेव्हा तो मेक्सिकोचा भाग होता) गुराखी बोलावले. त्यांच्यासोबत गिटारी आल्या. गुराखी परत गेले, गिटारी राहिल्या, आणि स्थानिक लोकांनी त्या आपल्या गळ्याला सोयीच्या होतील अशा लावून घेतल्या. हे "गळ्याला सोयीच्या" लक्षात ठेवा, कारण माझं सगळं उत्तर त्याच्याभोवतीच आहे. स्लॅक की ही मुळात गाणाऱ्याची गिटार आहे. आपल्याकडे सतारीत किंवा बासरीत गायकी अंग म्हणतात ना, तेच. सोलो वाजवतानाही ऐकणाऱ्याला कुणीतरी गातंय असं वाटलं पाहिजे, श्वास कुठे घेतला ते कळलं पाहिजे. म्हणून आवडती अरेंजमेंट निवडताना माझी कसोटी एकच, यात गाणारा ऐकू येतो का.

ट्यूनिंगचं थोडक्यात सांगतो. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं टॅरो पॅच. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी-जी-डी-जी-बी-डी. म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगमधली सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी, मधल्या तीन जशाच्या तशा. जी ला सा धरा, मग मोकळ्या तारा येतात प सा प सा ग प. तानपुरा ऐकत मोठे झालेल्या माणसाला हे ट्यूनिंग परकं वाटतच नाही, अंगठा खाली प-सा-प करत राहतो आणि वर तुम्ही गाणं म्हणता. दुसरं जी वाहिने, यात तिसरी तार जी वरून अर्धा स्वर खाली एफ शार्पवर आणायची, झालं प सा प नी ग प. त्या मोकळ्या नी वर पहिल्या फ्रेटवर बोट आपटून सा काढायचा, ही वाहिनेची सही. नी वरून सा वर पडताना जो सुस्कारा येतो तो दुसऱ्या कशात नाही. तिसरं सी वाहिने, सी-जी-डी-जी-बी-डी, इथे सी ला सा धरलं की सा प रे प नी रे. ही तीन पुरेत. ट्यूनिंग्ज डझनावारी आहेत आणि एके काळी घराणी ती लपवून ठेवायची, बाहेरचा माणूस आला की गिटार उतरवून ठेवायची, पण सुरुवातीला जास्तीच्या मागे लागू नका.

आता गाणी. पहिलं नाव हिइलावे. गॅबी पाहिनुई यांनी १९४६-४७ च्या सुमाराला हे रेकॉर्ड केलं आणि आधुनिक स्लॅक कीची सुरुवात लोक तिथूनच मोजतात. हिइलावे हा हवाई बेटावरच्या वाइपिओ खोऱ्यातला धबधबा, ४०० मीटरहून उंच. वरवर गाणं धबधब्याचं, पण आत एका प्रेमप्रकरणाची गोष्ट, त्याच बेटावरच्या पुना भागातून आलेली मुलगी, तिच्याबद्दल कुजबुजणारे लोक, त्यांना गाण्यात वाइपिओचे किलबिलणारे पक्षी म्हटलंय. आणि ती म्हणते की मी हाती लागणार नाही, मी डोंगरावरचं धुकं आहे. हवाईयन लोक या लपलेल्या अर्थाला काओना म्हणतात. आपल्या भारुडात जसं विंचू म्हणजे नुसता विंचू नसतो तसंच. हे माहीत नसताना वाजवलं तर एक गोड चाल वाजते, माहीत असताना वाजवलं की दुसऱ्या ओळीचा शेवट आपोआप थोडा सैल सुटतो, कारण तिथे धुकं आहे.

हे गाणं मी आधी टॅबवरून (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं असतं) शिकलो होतो, नोट्स सगळ्या बरोबर, स्पीडही छान. मग एका कनिकापिलाला, म्हणजे सगळे जमून वाजवतात-गातात त्या बैठकीला, एक वयस्कर बाई गायला बसल्या आणि मी साथीला. दोन कडव्यांच्या मधे जो छोटा तुकडा वाजवतात तो व्हॅम्प, मी तो एक बार (ठेक्याचं एक आवर्तन) कमी वाजवला. त्यांना श्वास घ्यायला जागाच उरली नाही, त्या थांबल्या, हसल्या आणि हाताने इशारा केला, परत. तीन कडवी झाल्यावर मला कळलं की व्हॅम्प हे सजावटीचं काम नाहीये, ती गाणाऱ्याची श्वासाची जागा आहे, आणि हुला नाचणारी असेल तर तिची पावलं पुढच्या कडव्यासाठी सावरण्याची. त्या दिवसापासून मी कुठलंही गाणं शिकताना आधी शब्द म्हणायला शिकतो, उच्चार चुकले तरी चालेल, मग गिटार.

व्हॅम्पचाच विषय निघालाय तर तो इथेच शिकून घ्या, टॅरो पॅचमधे, जी स्केलला. ए सेव्हन, डी सेव्हन, जी या कॉर्ड्सवरून उतरतो. ए सेव्हनला सहाव्या तारेवर सातवा फ्रेट, तिसऱ्या तारेवर सहावा, पहिल्या तारेवर सातवा. डी सेव्हनला सहावी तार मोकळी, तिसरीवर पाचवा, पहिलीवर सातवा तसाच. जी ला पाचवी तार मोकळी, तिसरीवर चौथा, पहिलीवर पाचवा. बघा, तिसरी तार एकेक फ्रेट खाली घसरते आणि वरची शेवटी उतरते. सावकाश वाजवा, बास अंगठ्याने, वरच्या दोन तारा तर्जनी-मधल्या बोटाने, आणि जी वर आल्यावर अंगठा पाचवी-चौथी-पाचवी-चौथी असा झुलत ठेवा. हवाईयन गिटारिस्ट हा एकच तुकडा शंभर प्रकारे वाजवतात आणि दोन मात्रांत कळतं कोण वाजवतंय.

दुसरं, पुनाहेले. रेमंड काने यांची रचना, अर्थ लाडकं, आवडतं. रे काने (१९२५–२००८) ओआहू बेटावरच्या नानाकुलीकडचे. लहानपणी त्यांनी समुद्रात भाल्याने मासे मारले आणि ते मासे देऊन आल्बर्ट कावेलो नावाच्या वादकाकडून धडे घेतले, गुरुदक्षिणा म्हणजे मासे. १९८७ मधे त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. वाजवायचे फक्त अंगठा आणि तर्जनीने, आणि इतकं सावकाश की दोन नोट्सच्या मधे तुम्ही खोलीतला पंखा ऐकू शकाल. हवाईयनमधे नाहेनाहे असा शब्द आहे, मऊ, गोड, कानाला न टोचणारं, त्याचा अर्थ कुणी विचारला तर मी पुनाहेले ऐकवतो, समजावत बसत नाही. फिंगरस्टाईलवाल्यांना हे पीस सोपं वाटतं, नोट्स खरंच कमी आहेत, पण मेट्रोनोम लावून वाजवाल तर मरतं. वाक्य संपलं की थांबा. बास मात्र थांबवू नका. ही दोन्ही कामं एकाच हाताने एकाच वेळी करता येणं म्हणजे रे काने, मला त्याला सहा-सात वर्षं लागली.

ओपिही मोएमोए बद्दल. लेनर्ड क्वान (१९३१–२०००) यांचं वाद्यसंगीत, नावाचा अर्थ झोपलेली ओपिही, ओपिही म्हणजे समुद्राच्या खडकांना घट्ट चिकटून राहणारा शिंपला. बहुतेक विद्यार्थ्यांना पहिलं पीस म्हणून हेच देतात आणि माझंही मत तेच. यात शब्द नाहीत, मग माझ्या कसोटीचं काय? गंमत हीच की यातही ओळी आहेत, प्रश्न-उत्तर आहे, तुम्ही गुणगुणू शकता. क्वान यांचं वाजवणं फार स्वच्छ, एकही नोट उगाच नाही. ते ऐकून मी माझ्या वाजवण्यातले निम्मे हॅमर-ऑन (बोट आपटून काढलेले स्वर) काढून टाकले.

हवाईची राणी लिलिउओकलानी यांच्या गाण्यांवर मात्र मी जरा जास्त थांबणार, कारण अलोहा ओए सोडून पुढे कुणी जात नाही. अलोहा ओए १८७८ चं, सुंदर आहे, पण इतकं हॉटेलांच्या लॉबीत वाजलंय की ते ताज्या कानाने ऐकायला कष्ट पडतात. त्याऐवजी सानोए घ्या. दरबारातल्या चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांचं गाणं, सानोए म्हणजे धुकं. सी वाहिनेमधे याचा बास फार खोल लागतो, सहावी तार सी पर्यंत उतरलेली असते ना. आणि त्याहून माझं लाडकं कुउ पुआ इ पाओआकलानी. १८९३ मधे राणीला पदच्युत केलं, १८९५ मधे तिच्या समर्थकांचं बंड फसल्यावर तिला तिच्याच इओलानी राजवाड्यात एका खोलीत कैदेत ठेवलं. बाहेरच्या बातम्या तिला द्यायला मनाई होती. मग एक तरुण तिच्या बागेतली फुलं घेऊन यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. फुलं फुलदाणीत, आणि कागद ती वाचायची. त्याच्यासाठी तिने हे गाणं लिहिलं, की माझं न कोमेजणारं फूल पाओआकलानीत, म्हणजे तिच्या वाइकिकीच्या घरी, उमलतं. गाण्यात ना तक्रार, ना राग, फक्त फुलांचा वास आणि आभार. हे कळल्यावर मला ते जोरात वाजवताच येईना. ऑझी कोटानी यांनी राणीच्या रचनांचा एक पूर्ण अल्बम स्लॅक कीवर केलाय, २००२ मधे, आणि अरेंजमेंट म्हणजे काय हे शिकायचं असेल तर तो अल्बम म्हणजे शाळा. राणी पाश्चात्त्य संगीत शिकलेली होती, चर्चची स्तोत्रं, पियानोची हार्मनी तिच्या गाण्यांत आहे, त्यामुळे नुसता झुलता बास तिथे पुरत नाही, आतल्या तारांवर वेगळे स्वर सरकवावे लागतात. कोटानी ते करतात आणि तरी चालीवर कुठेच धूळ बसू देत नाहीत.

त्याच काळातलं काउलाना ना पुआ पण शिका. १८९३ मधेच एलन प्रेंडरगास्ट यांनी लिहिलं. राजघराण्याच्या बँडमधल्या वादकांनी नव्या सरकारच्या शपथेवर सही करायला नकार दिला, तर त्यांना सांगण्यात आलं की मग दगड खा. त्यावर हे गाणं, की आम्हाला सरकारचे पैसे नकोत, आमच्या भूमीचे दगड पुरे. चाल मात्र आनंदी, ऐकणाऱ्याला वाटेल सणाचं गाणं आहे. याची अरेंजमेंट करताना लोक उगाच गंभीर, मायनर कॉर्ड्स घालून करतात आणि माझा त्याला विरोध आहे. त्या लोकांनी ते ताठ मानेने, हसत गायलं, तसंच वाजवा.

गुराख्यांची गाणी, म्हणजे पानिओलो गाणी, हा एक वेगळाच खजिना. पानिओलो हा शब्दच एस्पान्योल वरून आला असं मानतात. त्यात वाइओमिना, म्हणजे वायोमिंग. वाइमेआचा इकुआ पर्डी नावाचा गुराखी १९०८ मधे वायोमिंगमधल्या शायेन गावी जाऊन, उसन्या घोड्यावर बसून, बैल दोरीने पाडण्याच्या स्पर्धेत जगज्जेता ठरला, त्याचं हे गाणं. इथे ठेका महत्त्वाचा, घोड्याची चाल अंगठ्यात आली पाहिजे. या अंगाचं वाजवणं ऐकायचं तर सनी चिलिंगवर्थ (१९३२–१९९४). त्यांची गिटार उड्या मारते पण कुठे आदळत नाही. त्यांचं माकेए आइलाना पण ऐका, वाइकिकीजवळच्या एका छोट्या बेटाचं जुनं गाणं, तिथे मात्र तोच माणूस एकदम मऊ होतो.

आता वेगाचं वेड असेल तर लेडवर्ड काआपाना. जन्म १९४८, गाव कालापाना, जिथे वीज नव्हती म्हणून संध्याकाळी सगळे वाजवत बसायचे. ते गाव १९९० मधे लाव्हाखाली गाडलं गेलं. त्यांचं रेडिओ हुला मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं दोन गिटारी आहेत. मामाकडून, शेजाऱ्यांकडून ऐकून शिकलेलं वाजवणं, त्यात ठेका इतका उलटसुलट की टॅब लिहिणाराही अंदाज करतो. ते गातातही, उंच फॉल्सेटोमधे (नेहमीच्या आवाजापलीकडच्या बारीक आवाजात), आणि वाजवण्यातल्या त्या सगळ्या करामती गाण्याच्या ओळींच्या मधल्या जागांत बसवलेल्या असतात, ओळीवर कधीच नाही. हे नीट ऐका. वेगवान वादकांमधे ही शिस्त दुर्मिळ.

एक प्रश्न नेहमी येतो की डेनिस कामाकाही यांची गाणी पारंपरिक धरायची का, ते तर २०१४ मधे गेले. मी धरतो. वाहिने इलिकेआ घ्या, मोलोकाई बेटावरच्या कामालोमधले हिना, हाहा आणि मोओलोआ हे तीन धबधबे नावानिशी गाण्यात आहेत, आणि त्याआड एक गोरी स्त्री, पुन्हा काओना. रचना नवी, पण घडण जुनीच: जागेचं नाव, वाऱ्याचं, पावसाचं नाव, आणि लपलेला माणूस. आपल्याकडे आज कुणी अस्सल ओवी रचली तर ती ओवीच ना. जुन्या हुलाच्या गाण्यांत शेवटच्या कडव्याला हाइना इआ माइ आना का पुआना असं म्हणतात, म्हणजे आता गाण्याचं सार सांगून झालं, आणि कुणासाठी गायलं त्याचं नाव तिथे परत येतं. अभंगात "तुका म्हणे" आलं की आपण सावरून बसतो तसं तिथे ऐकणारे सावरून बसतात. सोलो अरेंजमेंटमधे सुद्धा मी ते कडवं वेगळं वाजवतो, बहुतेक वेळा साधं, सगळी नक्षी काढून. गाणारे ते कडवं दोनदा म्हणतात, तुम्हीही दोनदा वाजवा.

आणि सगळ्यात सोपं, सगळ्यात गोड, पूपू हिनुहिनु. नोना बीमर यांचं अंगाईगीत, चमकणारे शिंपले, कानाला लावून ऐक आणि झोप. त्यांचे चिरंजीव किओला बीमर हे आजच्या मोठ्या स्लॅक की वादकांपैकी एक. माझ्या मुलीला मी हेच वाजवून झोपवायचो, चार ओळींचं गाणं, टॅरो पॅचमधे एका दिवसात बसतं.

म्हणून सुरुवात अशी करा. पहिला महिना फक्त टॅरो पॅच, अंगठ्याचा बास आणि वर दिलेला व्हॅम्प, सोबत पूपू हिनुहिनु गात गात. मग ओपिही मोएमोए. मग हिइलावे, पण आधी गॅबींचं ऐकून शब्द पाठ करा. वाहिने ट्यूनिंग तीन-चार महिन्यांनी. राणीची गाणी वर्षभराने, त्याआधी घाई नको. फिंगरस्टाईलवाल्यांची एक सवय मोडावी लागेल, ती म्हणजे प्रत्येक मात्रेत काहीतरी भरायची. आणि टॅबपेक्षा रेकॉर्डिंगवर वेळ घाला. जॉर्ज विन्स्टन यांनी डान्सिंग कॅट लेबलवर या जुन्या वादकांची सोलो रेकॉर्डिंग्ज करून ठेवलीत, काने, क्वान, चिलिंगवर्थ सगळे आहेत, एकटी गिटार असल्यामुळे बोटं अगदी ऐकू येतात.

गिटारीचं एक राहिलं. तारा सैल केल्या की बारीक सेट खडखडतो, म्हणून १२ किंवा १३ चा जाड तारांचा सेट लावा, खास करून सी वाहिनेला, नाहीतर सहावी तार नुसती लोंबते. सारखं ट्यूनिंग बदलताना तार हव्या त्या स्वराच्या खाली आणून मग वर चढवत लावा, वरून खाली आणून सोडलीत तर दोन मिनिटांत उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा वाजवायला बसल्यावर पाच मिनिटं गिटारीला खोलीची हवा लागू द्या आणि मग कानाने लावा, पाचव्या तारेचा सा आधी, बाकी सगळं त्याच्यावरून.